तीन खेपा

तिसऱ्या मजल्यावर चढून आलेल्या माणसाला काकू आधी पाणी देत आणि मग विचारत, काय काम काढलंत. इमारतीला लिफ्ट नव्हती. गंमत अशी की काकूंच्या नवऱ्याने उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. "सगळ्या गावाला वर चढवलं, आपण मात्र पायीच," असं ते दर पायरीला एक शब्द टाकत म्हणायचे. त्यांना जाऊन अकरा महिने झाले होते.

पिक्चरवाल्या बाईही अशाच धापा टाकत आल्या. वय चाळीसच्या आसपास, केस बारीक कापलेले, अंगात कुणा पुरुषाचा वाटेल असा सैल शर्ट. सोबत एक माणूस, ज्याचा फोन कानाला चिकटलेलाच. बाई दोन पेले पाणी प्यायल्या आणि त्यांनी थेट खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीकडे बघितलं.

"काकू, रस्त्यावरून ही खिडकी दिसली. ही खुर्चीपण दिसली. आम्हाला तुमचं घर पंधरा दिवस हवंय. पिक्चरसाठी."

"माझ्या घरात काय आहे बघण्यासारखं?"

"एक माणूस मरतो," बाई म्हणाल्या. "पण घर सोडून जात नाही. असा खुर्चीत बसून राहतो. त्याची बायको आपली कामं करत असते. तिला तो दिसत नाही."

"मग?"

"मग काही नाही. ती येते, जाते. तो बघत राहतो."

"शेवट?"

"काकू, माझ्या पिक्चरमध्ये फारसं काही होत नाही," बाई जरा ओशाळून म्हणाल्या.

लेक दुसऱ्या गावात असायची. तिने फोनवर साफ सांगितलं, "आई, नाही म्हण. पन्नास माणसं घरात शिरतील, डोक्याला ताप." काकूंनाही नाहीच म्हणायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी फोनवाला माणूस उत्तर विचारायला आला तेव्हा तोंडातून "या" निघून गेलं. लेकीला त्यांनी कारण दिलं की पिक्चरवाले जाताना घराला रंग लावून देणार आहेत. ते खरंही होतं, पण कारण ते नव्हतं.

पन्नास नाही, चौदा माणसं आली. त्यांनी घरभर वायरी पसरल्या आणि काकूंना स्वयंपाकघरात एक स्टूल दिलं. खुर्चीत बसणारा नट साठीचा, उंच, हाडकुळा होता. त्याचे कपडे बघणारी मुलगी पहिल्याच दिवशी काकूंकडे आली. "काकू, घरातलाच एखादा वापरलेला स्वेटर आहे का? आमचे सगळे नवे दिसतात."

काकूंनी कपाटातून नवऱ्याचा तपकिरी स्वेटर काढून दिला. देताना काही वाटलं नाही. नट तो घालून खुर्चीत बसला तेव्हा मात्र त्यांना स्टुलावरून उठून बाथरूममध्ये जावं लागलं.

बाईंचा एक नियम होता. नट खुर्चीत असेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. जेवणाच्या सुट्टीतही नाही. आपण नसल्यासारखं वाटणं म्हणजे काय, ते त्याच्या अंगात मुरलं पाहिजे. सगळे हा नियम पाळत. दिवे लावणारा पोरगेला माणूस फार बोलका होता, तोही खुर्चीपाशी आला की तोंडाला कुलूप लावायचा. पलीकडे गेला की काकूंच्या कानाशी लागायचा.

"काकू, कसला पिक्चर हा! परवा दूध उतू गेलं ना, तेवढीच मारामारी. बाकी सगळा बसलेला माणूस."

काकू हसायच्या. पण दुपारी चार वाजता चहा झाला की एक कप त्या मुकाट्याने खुर्चीशेजारच्या तिपाईवर ठेवून यायच्या. मान खाली, नजर कपात. नट कप उचलायचा नाही. साडेचारला त्या गार झालेला चहा मोरीत ओतायच्या. बाईंनी एकदा बघितलं आणि आपल्या कामाला लागल्या.

संध्याकाळी सहाला सगळे पायऱ्या उतरून जात. मग घर असं गप्प व्हायचं की काकूंना स्वतःच्या चपलांचा राग यायचा. अकरा महिने ती खुर्ची रिकामी होती आणि त्या तिच्याकडे न बघता तिच्यावरून फडकं मारायच्या. आता मात्र रोज कुणीतरी दिवसभर तिच्यात बसून जात होतं. एकदा त्यांनी वेतावर हात ठेवला. बैठक कोमट होती. त्यांनी हात लगेच काढून घेतला, जणू कुणाला उठवायचं नव्हतं.

आठव्या दिवशी आवाज घेणाऱ्या माणसाने सगळ्यांना बाहेर काढलं. त्याला रिकाम्या खोलीचा आवाज हवा होता.

"रिकाम्या खोलीला कसला आलाय आवाज?" काकूंनी विचारलं.

"असतो काकू. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी. ती भरून घ्यावी लागते, नाहीतर पिक्चरमध्ये मधेच बहिरं झाल्यासारखं वाटतं. एक मिनिट कुणी हलू नका."

सगळे जिन्यात उभे राहिले. नटही. खोलीत फक्त आवाजवाला आणि दाराशी काकू. अर्ध्या मिनिटाने त्याच्या कपाळावर आठी आली. त्याने कानावरचा हेडफोन दाबून धरला आणि मिनिट संपल्यावर हळूच विचारलं, "काकू, आत अजून कोणी झोपलंय का?"

"नाही. का हो?"

"श्वास येतोय. दमेकऱ्याचा असतो तसा. शेवटी जराशी शिटी वाजते बघा."

काकूंनी हात पुढे केला. त्याने हेडफोन दिला. आधी नुसती गूं गूं होती, भांड्याला कान लावल्यावर येते तशी. मग तिच्याखालून तो आला. आत जाणारा श्वास, थांबलेला, आणि बाहेर पडताना टोकाला बारीक शिटी. काकूंनी डोळे मिटले. खुर्चीकडे पाठ होती, ती त्यांनी तशीच ठेवली.

"नळात हवा अडकली असेल," आवाजवाला म्हणाला. "जुन्या इमारतीत होतं असं." तासाभराने त्याने खोलीचा आवाज परत घेतला, तेव्हा काही नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला. काकूंचा नाही.

तो श्वास त्यांनी आठ महिने ऐकला होता. आता सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल.

एका सकाळी कुकरच्या कानाचा स्क्रू ढिला झाला म्हणून काकूंनी नवऱ्याची हत्यारांची पिशवी उघडली. पान्ह्यांच्या खाली एक लिफाफा होता. आत छातीचे फोटो आणि डॉक्टरचा कागद. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही. कागदावरची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

ते वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी लिफाफा बघितला आणि चष्मा काढला. "तुला उगाच काळजी नको म्हणून."

अडतीस वर्षं एका ताटातलं खाल्लं, आणि हा माणूस चौदा महिने एकटाच मरणाची तयारी करत होता! दर महिन्याला "जुन्या मित्रांकडे जातो" म्हणून दवाखान्यात जात होता. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग आता मला काहीच सांगू नका," त्या म्हणाल्या.

त्यांनी ऐकलं. काही सांगितलं नाही.

दोन दिवसांत राग उतरेल असं काकूंना वाटलं होतं. तेवढ्यात नवऱ्याची तब्येत ढासळली, जिना बंद झाला, खुर्ची खिडकीशी आली. काकूंनी कशात कसूर केली नाही. वेळेवर औषध, वेळेवर खाणं, अंघोळ, पाठीला तेल. फक्त बोलणं भिंतीशी. "जेवण वाढलंय," हे दाराला. "गोळी राहिलीय," हे दिव्याला. आणि बघणं बंद. दाढी करून देताना गाल दिसायचा, हनुवटी दिसायची, मानेवरचा तीळ दिसायचा. डोळे सोडून सगळं दिसायचं. असं न बघता जगणंही हाताला वळण लागतं तसं अंगवळणी पडतं. रविवारी बोलू, असं त्या दर शनिवारी ठरवायच्या. नवऱ्यानेही एकदोनदा तोंड उघडून मिटलं. कोण आधी नमणार, एवढ्यावर घोडं अडलं होतं. रात्री मात्र त्या जाग्या राहून ती शिटी मोजायच्या.

मग तो बुधवार आला. काकूंनी चादरी धुवायला काढल्या होत्या. बाथरूममधून गॅलरीत जायची वाट खुर्चीवरूनच जाते. पहिली बादली घेऊन गेल्या, तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांचा एक पाय दिसला, चप्पल निसटलेली. डुलकी लागली असेल. दुसऱ्या खेपेला पाय तसाच होता. तिसरी बादली रिकामी करून त्या परत येत होत्या तेव्हा खोलीत काहीतरी कमी असल्यासारखं वाटलं. काय कमी आहे ते कळायला चार पावलं लागली. शिटी नव्हती.

गल्लीतले डॉक्टर आले. म्हणाले, तास होऊन गेला असेल.

लेकीला काकूंनी सांगितलं, "त्यांचा हात माझ्या हातात होता. शांतपणे गेले." लेक खूप रडली आणि म्हणाली, "तू होतीस जवळ, एवढं तरी बरं झालं." तेव्हापासून हे वाक्य काकूंच्या गळ्यात हाडकासारखं अडकलं होतं.

शूटिंगच्या बाराव्या दिवशी बायकोचं काम करणारी नटी जिन्यात घसरली. पाय एवढा सुजला की तिला चौघांनी उचलून खाली नेलं. दिवेवाला म्हणाला, "लिफ्ट हवी होती बघा." कुणी हसलं नाही. एक शॉट राहिला होता आणि दुसऱ्या दिवशी नटाला दुसरीकडे जायचं होतं. बाई बराच वेळ गॅलरीत उभ्या राहिल्या. मग आत येऊन काकूंसमोर खाली बसल्या.

"काकू, तुमची अंगकाठी तिच्यासारखीच आहे. शॉट पाठमोरा आहे. कराल?"

"मला काय येतंय?"

"यायचं काही नाही. बादली घेऊन बाथरूममधून गॅलरीत जायचं. कपडे धुतलेले आहेत, वाळत घालायचेत. खुर्चीत तो असेल. त्याच्याकडे बघायचं नाही, बस." त्यांनी काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण ते सोपं नाही हं. भल्याभल्यांना जमत नाही. मान वळली नाही तरी खांदा आखडतो. न बघण्याचा प्रयत्न केला की तो प्रयत्न दिसतो. आमच्या नटीलाही असा एक शॉट एकोणीस वेळा करावा लागला. तुम्ही घाबरू नका, आपण शंभर वेळा करू."

काकूंनी नटीची साधी सुती ओढणी डोक्यावरून घेतली, बादली उचलली. बाथरूमच्या दारात उभ्या राहिल्या. कुणीतरी पाटी वाजवली. त्या निघाल्या.

बादलीच्या वजनाने एक खांदा झुकलेला. पावलं ना हळू ना घाईची. खुर्चीपाशी आल्यावर त्यांनी बादली उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, बसलेल्याच्या गुडघ्याला ती लागू नये म्हणून. पुढे गेल्या. गॅलरीच्या उंबऱ्यावर पाणी सांडलं ते पायाने पुसलं. बाहेर गेल्या.

बाईंच्या तोंडून "कट" निघायला वेळ लागला. मग दिवेवाल्याने टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनीही. "एका फटक्यात! काकू, कुठे शिकलात हो?"

काकू आत आल्या नाहीत. त्या चादरी झटकून दोरीवर टाकत होत्या, चिमटे लावत होत्या. सगळं वाळत घालून झालं तरी पाय आत निघेना. शेवटी बाई बाहेर गेल्या. ओल्या चादरींच्या मधे उभ्या राहून काकूंनी त्यांना सगळं सांगितलं. लिफाफा, भिंतीशी बोलणं, तीन खेपा. "आठ महिने तालीम केलीय मी याची," त्या म्हणाल्या. "एका फटक्यात येणार नाही तर काय!"

बाईंनी धीर दिला नाही. "असं होतं", "त्यांना कळलं असेल", असलं काही त्या बोलल्या नाहीत. आपली चप्पल बघत उभ्या राहिल्या. "माझा भाऊ," एवढंच म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. त्याचा फोन वाजत होता आणि मी नंतर घेऊ म्हटलं."

"अजून एकदा घ्याल?" काकूंनी विचारलं.

"आपल्याला मिळालाय शॉट."

"तुमच्यासाठी नाही म्हणत मी."

बाईंनी आकाशाकडे बघितलं. "पाच मिनिटं उजेड आहे."

काकू पुन्हा बादली घेऊन निघाल्या. बादली रिकामी होती, तरी खांदा तसाच झुकला. खुर्चीपाशी त्या थांबल्या. बादली खाली ठेवली. आणि वळून समोर बघितलं.

तो परका माणूस होता. सुरकुत्यांत पावडर बसलेली, हनुवटीवर सकाळी दाढी करताना कापल्याची खूण, एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित लहान. स्वेटर तेवढा ओळखीचा. एवढं जवळून बघितल्यावर काहीतरी होईल असं काकूंना वाटलं होतं, निदान एका क्षणापुरतं. काही झालं नाही. जे डोळे त्यांनी चुकवले ते कुठेच नव्हते.

"अहो," त्या म्हणाल्या. आठ महिने आणि वर अकरा महिने न वापरलेला शब्द, घशात घासत बाहेर आला. मग त्या भानावर आल्या. "माफ करा हं. तुम्हाला नाही म्हटलं."

नट बारा दिवस त्या खुर्चीतून कुणाशी बोलला नव्हता. त्याने नियम मोडून मान वर केली. "बोला ना," तो म्हणाला. "मी ऐकतो."

आवाजवाल्याने कानावरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"मी रागावले होते," काकू म्हणाल्या. "राग आल्यावर माणूस रागावतो. त्यात काय एवढं. मला वाटलं वेळ आहे. तुम्ही तरी एकदा ओरडायचं ना माझ्यावर. हाक मारायची. चप्पल पडली तेव्हा हाक मारली होतीत का? मला नळाच्या आवाजात ऐकू आलं नाही की तुम्ही मारलीच नाही? एवढंच सांगा. बाकी काही नको."

नटाने त्यांचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उजेड गेला तरी कुणी दिवा लावला नाही.

सामान आवरताना बाईंनी विचारलं, "काकू, यातला कुठला ठेवू?"

"पहिला ठेवा. तो खरा आहे. दुसरा पुसून टाका."

बाईंनी त्यांच्यासमोर पुसला.

पिक्चरवाले गेले, रंगारी येऊन गेले. घर नव्या रंगाच्या वासाने भरलं. काकू दुपारी नळ घट्ट बंद करून खोलीच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि कान द्यायच्या. तो श्वास परत आला नाही. आधी त्यांना त्याची भीती वाटली होती. आता तो यावा म्हणून त्या अर्धा अर्धा तास उभ्या असायच्या.

रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला सांगून टाकलं.

"म्हणजे बाबा एकटेच होते?"

"हो."

"आणि तू त्यांच्या शेजारून जात होतीस."

"तीनदा."

मग फोन कट झाला. पुढचे तीन रविवार तो वाजला नाही. काकूंनी स्वतःहून केला नाही. काय बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं.

चौथ्या शनिवारी लेक न कळवता आली. पिशवी दाराशी टाकली, पाणी प्यायली, जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाली, "सांग. त्या दिवशी सकाळपासून सांग. काही गाळू नकोस. काय खाल्लं होतं त्यांनी?"

"चहात बुडवून एक टोस्ट. दुसरा बशीत परत ठेवला."

"अंगात काय होतं?"

"पांढरा सदरा. वरचं बटण तुटलेला. मी लावणार होते."

"काही बोलले?"

"माझ्याशी नाही. खिडकीत पाखरू येऊन बसलं, त्याला काहीतरी म्हणाले. मी स्वयंपाकघरात होते."

लेक एकेक प्रश्न विचारत राहिली. मधे एकदा तिचा बांध फुटला. "एवढा कसला गं तुझा राग! मला तरी सांगायचंस. मी आले असते, दोघांना समोरासमोर बसवलं असतं." ती ओरडली, रडली, उठून गॅलरीत गेली, परत आली. काकूंनी डोळे पुसले नाहीत की बचाव केला नाही. "हो," म्हणाल्या. "चुकलं."

"मग पुढे?" लेकीने नाक पुसत विचारलं.

"पुढे मी चादरी भिजवल्या."

ती दोन दिवस राहिली. त्यांनी दोघींनी मिळून कपाट आवरलं. एका जेवणाला ती आईशी अक्षर बोलली नाही, दुसऱ्या जेवणाला हक्काने परत वाढून घेतलं. सोमवारी निघताना ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली.

"आई, माझा राग गेलेला नाही हं."

"नको जाऊ देऊस इतक्यात."

"रविवारी फोन करीन. पण कदाचित भांडीनसुद्धा."

"भांड," काकू म्हणाल्या. "पण फोन कर."

लेक उतरू लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिने वर बघितलं. काकू कठड्यावर वाकून उभ्या होत्या. खालचं दार लागल्याचा आवाज आल्यावरही त्या तिथून हलल्या नाहीत.